छत्तीस बटणं आणि एक चुकलेलं माप

ज्यांना सध्या चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतोय, शर्टाचं बटण लावायला घरातल्या कुणाला तरी हाक मारावी लागतेय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. यात औषधांची नावं नाहीत. ती तुमचे डॉक्टर सांगतील आणि माझ्यापेक्षा बरी सांगतील. मी फक्त माझं काय झालं ते सांगणार. आणि हे सगळं मी माझ्या हातांनी टाइप केलंय, हे आधीच सांगून टाकते. मला त्याची फार फुशारकी मारायचीय.

मी चाकणच्या एका कंपनीत काम करते. गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथे. प्रत्येक मशीनशेजारी मराठीत एक कागद लावलेला असतो: आधी काय करायचं, मग काय करायचं, काय अजिबात करायचं नाही. ते कागद माझे. इंजिनिअर मंडळी घाईघाईत इंग्रजीत काहीतरी खरडून देतात आणि मी ते माणसाला कळेल असं मराठीत आणते. ‘चालू मशीनमध्ये हात घालू नये’ हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय, की झोपेतही माझी बोटं तेच करत असतील.

नवरा सुभाष, मूळचा धाराशिवचा. भोसरीत एमआयडीसीत त्याचं छोटंसं टूलरूम आहे. म्हणजे लोखंड, अ‍ॅल्युमिनियम कापून, घासून, केसाइतकंही इकडेतिकडे न होऊ देता सुटे भाग करून द्यायचे. घरात मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना एकेरीच येतोय. वाचून तो काही बोलणार नाही, गालात हसेल. मुलगी मुक्ता चौथीत. आणि नणंद प्राची, आयटीत आहे, पुनावळ्याला राहते. माणसं एवढीच. पण एवढ्याच माणसांनी मला परत उभं केलं.

चप्पल

कंपनीच्या बसमधून उतरताना माझ्या एका पायातली चप्पल पायरीवरच राहिली आणि मला कळलंच नाही. मागची बाई ओरडली, “ओ मॅडम, चप्पल!” मी हसले. आदल्या आठवड्यात पोट बिघडलं होतं, म्हटलं अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या स्टुलावरून उठता येईना. संध्याकाळी टूथपेस्टची ट्यूब दाबता येईना. तेव्हा मात्र सुभाषने मला उचललं आणि पिंपरीच्या एका हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलायला हवा होता. ढिम्म. त्यांनी परत मारली. मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय, म्हणून मी पाय मुद्दाम हलवायला गेले, तर तोही हलेना. मग नसांची विजेची तपासणी झाली आणि मग नाव कळलं: जीबीएस. आपल्याच शरीरातली पलटण आपल्याच नसांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. बहुतेक लोक यातून बरे होतात, पण नसा सावकाश भरून येतात, आणि हाताच्या बोटांना सगळ्यात उशीर लागू शकतो.

सुभाषचं सगळं आयुष्य गिऱ्हाइकांना माल कधी मिळेल ते सांगण्यात गेलं. त्याने विचारलं, “डॉक्टरसाहेब, अंदाजे तारीख द्या की.”

डॉक्टर म्हणाले, “तारीख माझ्याकडे नाही हो.”

घरातून निघताना मी कुकर लावायचा राहिलाय म्हणून कुरकुरत होते. तारीख नाही म्हटल्यावर कुकर विसरले. मला खरी भीती तेव्हा वाटली.

नाकाची खाज

आयसीयूत सगळ्यात वाईट काय असतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, नाकाला सुटलेली खाज. हात जागेवर आहेत, दिसताहेत, पण नाकापर्यंत येत नाहीत. डोळ्यांतून पाणी यायचं. साफसफाई करणाऱ्या कांतामावशींच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. मग त्या कॉटजवळून जाताना थांबायच्या आणि विचारायच्या, “नाक खाजवू का गं?” कशी आहेस, बरं वाटतंय का, असलं काही नाही. मी जगात कुणाला मनापासून दुवा दिला असेल तर त्या मावशींना.

दुसरी भीती श्वासाची. सिस्टर दर थोड्या वेळाने यायच्या आणि म्हणायच्या, “एका दमात आकडे मोजा.” जेवढे जास्त येतील तेवढं चांगलं. कमी होत गेले तर नळी, मशीन. मी शाळेतसुद्धा इतक्या मन लावून पाढे म्हटले नसतील. आकडे रोज थोडे कमी होत होते आणि सिस्टरच्या चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून त्या खिडकीकडे बघायच्या. मग एक दिवस आकडे कमी झाले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक जास्त आला. सिस्टरनी टाळी वाजवली आणि शेजारच्या कॉटवरचे आजोबा दचकून उठले. नळीची वेळ माझ्यावर आली नाही. ज्यांच्यावर येते त्यांनीही धीर सोडू नये; त्यातून परत आलेली दोन माणसं मी त्याच वॉर्डात डोळ्यांनी बघितली.

एका दुपारी जाग आली तर सुभाष माझा हात हातात घेऊन बसला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत त्याने कधी हात धरला नव्हता. मी डोळे मिटून पडून राहिले. म्हटलं, असू दे. मग तळव्याला काहीतरी गार लागलं. बघते तर महाशय व्हर्निअरने माझ्या हाताचं माप घेत होते. त्यांच्या धंद्यातली ती पट्टी, अगदी बारीक माप घ्यायची.

“काय करताय?”

“चमचा करायलोय तुला,” तो म्हणाला. “ह्या हॉस्पिटलचा चमचा बारीक हाय. धरवत न्हाई.”

दोन दिवसांनी जाड मुठीचा चमचा आला. लेथवर काढलेली पांढऱ्या नायलॉनची मूठ, माझ्या आखडलेल्या बोटांत बरोब्बर बसणारी. त्या चमच्याने मी स्वतः खाल्लेली पहिली गोष्ट म्हणजे दहीभात. अर्धा गाऊनवर सांडला, पण मी स्वतः सांडला.

घरी

लोकांना वाटतं, घरी आलो की आजार संपला. खरं तर आजार तिथेच घरच्यांचा होतो. पाय हळूहळू आले. आधी वॉकर, मग भिंत, मग नुसतीच भीती. हात मात्र अडून बसले. बोटं आतल्या बाजूला वळलेली, अंगठा लुळा.

मुक्ताच्या वेण्या सुभाष घालायला लागला. टूलरूमवाल्याचीच वेणी ती. सैल म्हणून काही त्याला ठाऊकच नाही. शाळेतून आली की पोरगी म्हणायची, “आई, डोळे ओढले जातात गं.” मी हसायचे आणि मग न्हाणीघरात जाऊन रडायचे. सुभाषला सगळ्यावर एकच औषध माहीत होतं: “होतंय की. कशाला घाबरायलीस?” ते ऐकून माझं डोकं फिरायचं. एकदा मी म्हटलं, “तुमच्या मशीनचा बेल्ट तुटला तर त्यालाही असंच सांगता का, होतंय की?” तो उठून गेला.

त्यातच आमच्या साहेबांचा फोन आला. भला माणूस. पण कंपनीत उत्पादनाची नवी लाइन चालू होणार होती आणि तिचे कागद हवे होते. “तुमची जागा मी धरून ठेवलीय,” ते म्हणाले, “पण लाइन चालू व्हायच्या आत कागद लागतील. नाही जमलं तर बाहेरून करून घ्यावे लागतील, आणि एकदा बाहेर गेलेलं काम परत येत नाही, तुम्हाला माहितीये.”

मला माहीत होतं. मी जमेल म्हणाले आणि फोन ठेवून घरातला कीबोर्ड पुढे ओढला. हात दंडापासून उचलावा लागत होता. वरच्या आकड्यांच्या ओळीपर्यंत बोट जाईचना. करंगळी तर कुणा परक्याची वाटत होती. एक वाक्य लिहून झालं आणि खांदे भरून आले.

प्राची म्हणाली, “वहिनी, बोलून टाइप करा ना. फोन लिहितो हल्ली.” करून बघितलं. ‘जॉब फिक्स्चरमध्ये नीट बसवा’, म्हणजे घडवायचा भाग पकडीत नीट बसवा, असं बोलले, तर फोनने दुसऱ्याच कुणाच्या नोकरीबद्दल काहीतरी लिहिलं. मशीनजवळच्या कागदात एक शब्द चुकला तर कुणाचं तरी बोट जाऊ शकतं. आणि खरं सांगू का? मला माझे हात हवे होते.

डब्याचे कप्पे

पुढच्या रविवारी प्राची पुनावळ्याहून आली आणि पर्समधून तळहाताएवढं काहीतरी काढलं.

“हे काय? मुक्ताचं खेळणं?”

“कीबोर्ड आहे, वहिनी. मला मनगटाचा त्रास झाला होता ना, तेव्हा घेतला. छत्तीसच बटणं.”

“आणि बाकीची?”

“खाली आहेत.”

मी खरंच उलटा करून बघितला. ती पोट धरून हसली. मग समजावलं: बटणं तीच, पण अंगठ्याखालचं एक बटण दाबलं की सगळ्यांचे अर्थ बदलतात. एका अंगठ्याने आकडे येतात, दुसऱ्याने चिन्हं. याला लेयर म्हणतात. मला सुभाषचा जेवणाचा डबा आठवला. वरच्या कप्प्यात पोळी, खालच्यात भाजी, त्याखाली भात, आणि डबा मात्र टेबलावर एकाच डब्याची जागा खातो. हात लांब न्यायला नको, कप्पा उघडायचा फक्त.

मराठी टाइप करणाऱ्याला हे तसं अगदीच नवं नाही. आमच्याकडे डाव्या हाताला काना-मात्रा, उजव्या हाताला अक्षरं, आणि शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ. एक तळघर आमच्या घराला आधीपासून होतंच. पण पहिल्याच दिवशी अडलं. मोठ्या कीबोर्डवर उजव्या टोकाला असलेली काही अक्षरं या छोट्यावर बसलीच नव्हती. ट नाही. ड नाही. अर्धचंद्राचा काना नाही. मी पहिला शब्द लिहायला घेतला ‘डॉक्टर’, आणि निम्मा डॉक्टर गायब!

“इतके दिवस त्यांना कंटाळले होते,” मी प्राचीला म्हटलं, “पण असं नको होतं गं.”

मग आम्ही दोघींनी बसून कप्पे लावले. ट आणि ड डाव्या अंगठ्याच्या कप्प्यात, बरोबर त आणि द च्या खाली, म्हणजे लक्षात राहायला सोपं. आकडे कॅल्क्युलेटरसारखे उजव्या हाताखाली. बटणांखालच्या स्प्रिंगाही तिने बदलून हलक्या घातल्या. नुसतं बोट टेकलं की अक्षर उमटायचं.

तरी आठवडाभर नुसता गोंधळ. अंगठा दाबायचा जमायचा, पण वेळेवर सोडायला जमायचं नाही. त्याची तार अजून जुळलेली नव्हती. कप्पा उघडाच राहायचा आणि मी मान खाली घालून लिहीत जायचे. एकदा प्राचीला मोठा निरोप पाठवला. मनातलं सगळं लिहिलं होतं, तिच्या भावाच्या तक्रारींसकट. तिचा फोन आला, “वहिनी, लॉटरी लागली का? नुसते आकडे आलेत.” म्हटलं, देव आहे. त्यानंतर तिने आतलं सेटिंग बदललं: अंगठा दाबून धरायचा नाही, नुसता टेकवून सोडायचा, पुढचं एक अक्षर त्या कप्प्यातलं येणार आणि कप्पा आपोआप बंद. कमजोर हाताच्या माणसाने एवढी एक गोष्ट नक्की करून घ्यावी. मला त्या एका गोष्टीने गुडघ्यावरून उठवून पायावर उभं केलं.

शाळेतून आली की मुक्ता मला श्रुतलेखन घालायची. तिच्या बाईंच्या आवाजात. चुकलं की, “परत लिहा. लक्ष कुठंय?” मी परत लिहायचे. बघता बघता बोटं बघावी लागेनात. डोक्यात शब्द आला की अंगठा आधीच कप्प्याकडे गेलेला असायचा. एका सकाळी मी न थांबता लिहिलं, ‘चालू मशीनमध्ये हात घालू नये’. कुणाला सांगितलं नाही. नुसतीच बघत बसले बराच वेळ.

मॅडमची पट्टी

कागद सुरू झाले. रोज एक, कधी अर्धा. साहेबांना पहिला पाठवला तेव्हा त्यांचं उत्तर आलं, ‘पुढचा पाठवा.’ त्याहून चांगलं उत्तर मला सुचत नाही.

पण माझ्या मनात दुसरंच पोखरत होतं. टायपिंग सुधारतंय ते कीबोर्ड लहान आहे म्हणून. हात काही सुधारत नाहीये. मी लंगड्या पायाला काठी दिलीय आणि म्हणतेय, चालता येतंय. फिजिओथेरपीच्या जोशी मॅडम दर वेळी बोटांचा कोन मोजायच्या, त्यांच्याकडे त्याची एक छोटी पट्टी होती, आणि म्हणायच्या, “छान चाललंय हं!” माझा विश्वास बसायचा नाही. पेशंटला दुसरं काय सांगणार? त्यांची एक सूचना मात्र मी पाळली. “बटणं जवळ आणलीत, चांगलं केलंत. पण हात तिथेच गोठवू नका. टायपिंग झालं की बोटं रोज उघडायची. दुखलं तरी.” दुखायचं. मी शिव्या देत उघडायचे. मॅडमना ऐकू जातील अशा नव्हे.

प्राचीचा कीबोर्ड सपाट होता, त्यावर मनगट अवघडायचं. शिवाय तिला तो परत हवा होता, म्हणाली नाही तरी. सुभाष एका संध्याकाळी तो हातात घेऊन उलटसुलट बघत होता. त्याच्या बहिणीने सांगितलं, धातूच्या पत्र्याला चौकोनी भोकं पाडायची, त्यात स्विच बसवायचे, वायरिंग ती करेल. “एवढंच?” तो म्हणाला. “मी करतो की. तिच्या हाताचं माप हाय माझ्याकडं.”

गिऱ्हाइकांचं काम आधी, त्यामुळे बरेच दिवस लागले. शेवटी एका रविवारी तो आणि प्राची दोघं मिळून तो घेऊन आले. अ‍ॅल्युमिनियमचा, दोन भागांत, मध्ये थोडी चढण, कडा अशा घासलेल्या की गालावरून फिरवाव्या. प्रत्येक बोटासाठी बटणांची ओळ त्या बोटाच्या लांबीप्रमाणे खालीवर. अंगठ्यासाठी वेगळा ओटा. मी जन्मात इतकी सुंदर वस्तू माझ्यासाठी म्हणून केलेली बघितली नव्हती.

मी हात ठेवले.

बसेनात. बोटं बटणांच्या पुढे जाऊन कडेवर लोंबायला लागली. अंगठा ओटा ओलांडून टेबलावर. बोटं आखडून घेतली तरच अक्षर सापडायचं.

सुभाषचा चेहरा उतरला. या माणसाचं माप चुकत नाही. भोसरीत त्याची ओळखच ती. त्याने व्हर्निअर आणलं आणि कीबोर्ड मोजला. बरोबर. परत मोजला. बरोबर. मग मोबाइलमध्ये जपलेलं हॉस्पिटलातलं माप काढलं, त्याच्याशी ताडून बघितलं. तंतोतंत.

“मग चुकलं कुठं?” तो स्वतःशीच म्हणाला.

“दादा,” प्राची हळूच म्हणाली, “वहिनींचा हात मोज ना.”

त्याने माझा हात टेबलावर ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत व्हर्निअर लावलं. आकडा बघितला आणि परत लावलं. मग दुसरा हात. मग परत पहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. हॉस्पिटलातल्या सिस्टर खिडकीकडे बघायच्या तसा तो भलतीकडेच बघायला लागला.

“लोखंडाचं माप एकदा घेतलं की घेतलं,” तो म्हणाला. “ते काय वाढत नसतंय. मला वाटलं...” व्हर्निअर टेबलावर ठेवून त्याने माझ्या उघडलेल्या तळव्यात तोंड खुपसलं. “अगं, हात उघडलाय तुझा. लई उघडलाय.”

मॅडमच्या पट्टीवर माझा विश्वास नव्हता. त्याच्या मापावर होता. मी रडले, प्राची रडली, आणि मुक्ताला वाटलं कीबोर्ड बिघडला म्हणून रडताहेत. ती म्हणाली, “बाबा, दुसरा करा ना, त्यात काय!”

लाल खूण

टूलरूमचा एक नियम असतो. मापात न बसलेल्या मालाला लाल रंगाची खूण करायची आणि बाजूला काढायचा, म्हणजे चुकून चांगल्यात मिसळत नाही. सुभाषने दुसऱ्या दिवशी लाल रंगाची डबी घरी आणली आणि त्या सुंदर कीबोर्डच्या पाठीवर ठसठशीत फुली मारली. मी ओरडले, “अहो, कशाला?” तो म्हणाला, “नियम म्हणजे नियम. रिजेक्ट हाय तो.” आणि नेऊन देवाच्या फळीवर ठेवला. आमच्या देव्हाऱ्यात आता गणपती, खंडोबा आणि एक रिजेक्ट माल आहे. तिघांनाही रोज हळदकुंकू लागतं.

लाइन चालू व्हायच्या आधी कागद पूर्ण झाले. मी आता आठवड्यातून दोन दिवस चाकणला जाते, बाकी घरून. अजून सगळं येत नाही. साडीची पिन प्राचीकडून लावून घेते. बरणीचं झाकण हा माझा शत्रू आहे. मुक्ताच्या वेण्या मी घालते. सैल होतात, दुपारपर्यंत सुटतात, आणि तिची अजिबात तक्रार नाही. तुमच्याही घरी कुणीतरी ‘होतंय की’ म्हणत असेल. चिडा, पण त्याला हाकलू नका. तो काहीतरी मोजत असतो.

हे लिहितेय तो कीबोर्ड दुसरा. तो सुभाषने अजून अ‍ॅल्युमिनियममध्ये केलेला नाही. नुसता लाकडाच्या फळीवर, खिळे मारून, बटणं सरकवता येतील असा ठेवलाय. दर महिन्याला तो व्हर्निअर घेऊन बसतो, माझा हात मोजतो आणि बटणं किंचित लांब सरकवतो.

या महिन्यात माप मागच्या महिन्याइतकंच आलं. त्याने तीनदा लावून बघितलं आणि मग अगदी जपून विचारलं, “हेच फायनल धरू का गं? अ‍ॅल्युमिनियम कापायला घेऊ?”

मी हात टेबलावरून उचलला, बोटं जेवढी उघडतात तेवढी उघडली, आणि दुखेपर्यंत अजून थोडी.

“थांबा,” म्हटलं, “एवढ्यात नका कापू.”